जर्मनीची ऑफर हातात आली, पण राजीनामा अजून टाकू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ 31 वर्षांचे. आपल्या एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिकलची बी.ई., गेली काही वर्षं नंदेसरीच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर. जर्मनीत लुडविग्सहाफेनजवळच्या एका कंपनीने त्यांना वर्षाला 45,500 युरोंची ऑफर दिली आहे. इथे नोटीस पीरियड तीन महिन्यांचा, म्हणून राजीनामा लगेच द्यावा का? अलकापुरीतला एक एजंट ‘वर्क परमिट काढून देतो’ म्हणून साडेतीन लाख मागतोय, ते द्यावेत का? बायको आणि तीन वर्षांचा मुलगा बरोबर जाऊ शकतील का?

दांडिया बाजारात मी हे कागदपत्रांचं काम 22 वर्षं करते आहे. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तिसऱ्याचं ‘हो’, पण त्यासाठी सगळ्यात जास्त धावपळ इथे वडोदऱ्यातच करावी लागेल.

एजंटापासून सुरुवात करते, कारण पैसे एकदा गेले की परत येत नाहीत. तो जे काढून देतो म्हणतो ते ‘वर्क परमिट’ नावाचं वेगळं कागदपत्र जर्मनीत तुमच्यासारख्या माणसासाठी नसतंच. 2005 पासून तिथे राहण्याची आणि काम करण्याची परवानगी एकाच कागदावर मिळते. आधी पासपोर्टवर चिकटणारा नॅशनल व्हिसा आणि तिथे गेल्यावर मिळणारं निवासपत्र, या दोन्हींवरच ‘या माणसाला अमुक काम करायची मुभा आहे’ असं छापलेलं असतं. त्या परवानगीसाठी तिकडच्या रोजगार खात्याची संमती लागते, आणि ती मुंबईचा जर्मन कॉन्सुलेट (वकिलातीचं कार्यालय) नाहीतर तिकडचं परदेशी नागरिक कार्यालय खात्याकडूनच थेट मागतं. मधे कोणालाही जागा नाही. व्हिसाची सरकारी फी 75 युरो आहे. एजंट फार तर फॉर्म भरून देईल, आणि तो फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता. तो फॉर्म समजून घेऊन भरला तर मुलाखतीत अडखळायला होत नाही, हा माझा अनुभव आहे.

नोकरी लावून देणारा एजंट असेल तर गोष्ट वेगळी. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला आपल्या 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी लागते, आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढी मर्यादा आहे. भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटचं नाव टाकलं की परवाना चालू आहे की रद्द झालाय ते दिसतं. तुमची नोकरी तर तुम्ही स्वतः मिळवली आहे. मग साडेतीन लाख कशाचे, हा प्रश्न त्याला समोरासमोर विचारा आणि उत्तर लेखी मागा.

आता तुमची ऑफर. इथे मी जरा थांबणार आहे, कारण तुमच्या आकड्यात अडचण आहे आणि ती तुम्हाला कोणी सांगितलेली दिसत नाही.

पदवीधरांसाठी जर्मनीचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे ईयू ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर कामगारांसाठीचं खास निवासपत्र. त्यासाठी किमान पगार ठरलेला असतो आणि तो दर जानेवारीत बदलतो, कारण तो तिथल्या पेन्शन वर्गणीच्या कमाल मर्यादेशी बांधलेला आहे. ती मर्यादा वाढली की ब्लू कार्डचा आकडाही वर सरकतो. 2025 मध्ये सर्वसाधारण आकडा 48,300 युरो होता, आणि ज्या पेशांत माणसांची टंचाई आहे त्यांच्यासाठी 43,759.80 युरो. इंजिनिअर या टंचाईच्या यादीत येतात. 2026 साठी हेच आकडे 50,700 आणि 45,934.20 झाले. म्हणजे तुमची 45,500 ची ऑफर गेल्या वर्षी ब्लू कार्डात आरामात बसली असती. यंदा ती 434 युरोंनी कमी पडते. कंपनीच्या एचआरने बहुधा जुना आकडा धरून पत्र बनवलंय.

घाबरून जायचं कारण नाही. वर्षाचे 434 म्हणजे महिन्याला साधारण 36 युरो. कंपनीला तुम्ही हवे असाल तर एवढ्यासाठी ती अडून बसणार नाही. सभ्य भाषेत लिहा: यंदाची टंचाई-पेशांची मर्यादा 45,934.20 आहे, तर करारातला वार्षिक ग्रॉस (कर कापण्याआधीचा) पगार 46,000 करता येईल का? आणखी एक गोष्ट तपासा. करारात तेरावा पगार नक्की मिळेल असं लिहिलेलं असेल तर तो हिशोबात धरला जातो. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस धरला जात नाही. कधीकधी रक्कम तीच राहते, फक्त वाक्य बदलून घेतलं की माणूस मर्यादेच्या वर जातो.

कंपनीने नाहीच म्हटलं तर दुसरा दरवाजा आहे: निवास कायद्याचं कलम 18बी, पदवीधर कुशल कामगारांचं. तुम्ही 45 वर्षांच्या आतले असल्याने तिथे किमान पगाराचा ठरावीक आकडा नाही. पण रोजगार खातं पाहतं की त्याच भागात, त्याच कामासाठी जर्मन माणसाला जे मिळतं त्यापेक्षा तुम्हाला कमी दिलं जात नाही ना. परवानगी या मार्गानेही मिळते. तरी ब्लू कार्डासाठी एकदा विचारून पाहाच. ब्लू कार्डवाल्याला बी1 (मध्यम) पातळीची जर्मन भाषा येत असेल तर 21 महिन्यांत कायमचं निवासपत्र मागता येतं, ए1 (अगदी प्राथमिक) असेल तर 27 महिन्यांत. महिन्याचे 36 युरो मागायला संकोच वाटतो, पण त्या 36 युरोंनी तुमची काही वर्षं वाचू शकतात.

पदवीची बाजू. परदेशी पदव्यांची माहिती देणारं अ‍ॅनाबिन नावाचं जर्मनीचं एक खुलं डेटाबेस आहे. त्यात दोन गोष्टी पाहायच्या: तुमचं विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, दाखवलंय का, आणि तुमची पदवी त्यांच्या पदवीशी समतुल्य म्हणून नोंदलेली आहे का. दोन्ही असेल तर ती दोन्ही पानं छापून अर्जाला जोडायची, काम झालं. दोन्हींपैकी एखादी गोष्ट सापडत नसेल किंवा संदिग्ध असेल, तर त्यांच्या केंद्रीय कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकनपत्र मागवायचं. त्याची फी 208 युरो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे आजच तपासा. कंपनीत काम करणाऱ्या केमिकल इंजिनिअरला वेगळा परवाना लागत नाही. नर्स, डॉक्टर यांना मात्र पेशाची मान्यता आधी घ्यावी लागते. त्यांचा रस्ता लांबचा आहे, त्यांनी हे उत्तर आपल्याला लागू आहे असं समजू नये.

कंपनीकडून दोनच कागद हवेत. एक, दोन्ही बाजूंनी सही झालेला करार. दोन, ‘डिक्लरेशन ऑफ एम्प्लॉयमेंट’ हा रोजगार खात्याचा फॉर्म. तो कंपनीनेच भरायचा असतो: कामाचं वर्णन, आठवड्याचे तास, पगार, सुट्ट्या. अर्ज अडकतात ते बहुतेक या फॉर्मपाशी. करारात पद ‘प्रोसेस इंजिनिअर’ आणि फॉर्ममध्ये कामाचं वर्णन मशीन ऑपरेटरचं, असं मी पाहिलंय. मग तिकडचा अधिकारी विचारतो की या कामाला पदवी लागते कुठे. फॉर्म आला की करारासमोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहा. आणि करारात रुजू होण्याची तारीख ठोक लिहू देऊ नका. ‘व्हिसा मिळाल्यानंतर, परस्पर ठरेल त्या दिवशी’ असं लिहून घ्या.

कंपनीला घाई असेल तर तिला जलद प्रक्रियेबद्दल विचारा. कंपनी तुमच्या मुखत्यारपत्रावर आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाते, 411 युरो भरते, आणि ते कार्यालय रोजगार खात्याची संमती आधीच मिळवून पूर्वमान्यतेचं पत्र देतं. ते पत्र असलं की कॉन्सुलेटने तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट आणि पूर्ण अर्जावर पुढच्या तीन आठवड्यांत निर्णय द्यायचा असतो. ही प्रक्रिया फक्त मालकच सुरू करू शकतो. छोट्या कंपन्यांना ती माहीतच नसते, म्हणून सुचवायचं काम तुमचं.

गुजरातचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटच्या अखत्यारीत येतात. 2025 पासून कामाच्या व्हिसाचा अर्ज त्यांच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. कागद तिथे चढवायचे, त्यांनी तपासून झाले की बोटांचे ठसे आणि मूळ कागदांसाठी बोलावणं येतं. भारतीय कुशल कामगारांना वर्षाला 20,000 ऐवजी 90,000 व्हिसा देण्याचं जर्मनीने ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीर केलं, तेव्हा दार उघडं आहे हे खरं. पण अपुरा अर्ज त्या दारातून आत जात नाही. आणि नकार आला तर पूर्वीसारखी कॉन्सुलेटकडेच फेरविचाराची विनंती करता येत नाही. 1 जुलै 2025 पासून ती सोय बंद झाली. आता एकतर नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. म्हणून पहिलाच अर्ज पक्का करून पाठवायचा.

राजीनाम्याबद्दल मी एवढी हट्टी का, ते सांगते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलाचं काम माझ्याकडे होतं. ऑफर आली, घरात पेढे वाटले गेले, त्याने दुसऱ्याच दिवशी राजीनामा दिला. मीही थांबवलं नाही, मला वाटलं नोटीस संपेपर्यंत व्हिसा येईल. पदवीच्या नावात आणि पासपोर्टच्या नावात फरक निघाला, दुरुस्तीत पाच महिने गेले, कंपनीने जागा दुसऱ्याला दिली. इथली नोकरी गेली, तिथली मिळाली नाही, घराचा हप्ता चालू. त्याची आई माझ्या ऑफिसात येऊन एक शब्द न बोलता बसली होती. त्या दिवसापासून पासपोर्टवर व्हिसा चिकटेपर्यंत मी कोणाला राजीनामा देऊ देत नाही. तीन महिने नोटीस आहे हे जर्मन कंपनीला आत्ताच स्पष्ट सांगा. तिकडे लांब नोटीस सर्रास असते, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

आणि त्या मुलाचं काम जिथे अडलं, तिथे आपल्या वडोदऱ्याच्या मराठी घरांचं काम हमखास अडतं. नावात.

आपली मुलं गुजरात बोर्डात शिकतात. मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. शाळेत नाव घालताना कारकुनाने सवयीने वडिलांच्या नावाला ‘भाई’ लावलेलं असतं. घरी आजोबांनी रेशनकार्डावर ‘राव’ लिहिलेलं. पासपोर्टवर दोन्ही नाही. म्हणजे एकाच माणसाचे वडील तीन कागदांवर सुरेशभाई, सुरेशराव आणि सुरेश. आपल्याला यात काही वाटत नाही, पण मुंबईत कागद तपासणाऱ्याला ती तीन वेगळी माणसं वाटू शकतात. जन्माचा दाखला तर पुष्कळांचा फक्त गुजरातीत असतो आणि त्यावर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली.

लोक यावर झटपट सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करून घेतात. किरकोळ फरकाला ते चालतं. मूळ नावच वेगळं असेल तर पुरत नाही. जिथे चूक आहे तो मूळ कागद दुरुस्त करून घ्यायचा: जन्मदाखला महानगर सेवासदनात, पदवी युनिव्हर्सिटीत, नाव पूर्ण बदललेलं असेल तर गॅझेटमध्ये जाहीर करून मग पासपोर्ट. याला महिने लागतात. व्हिसाच्या अर्जाची वाट न पाहता हे आजपासून सुरू करता येतं.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत हे जास्त काळजीने पाहा. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत अनेक घरांत अजून आहे. मार्कशीटवर सुषमा, आधार कार्डावर अनघा, आडनाव अर्थातच वेगळं. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं पूर्ण नाव आणि सासरचं पूर्ण नाव, दोन्ही यायला हवीत. तोच एक कागद दोन नावांना जोडतो. लग्नाची नोंदणीच केलेली नसेल तर लग्नपत्रिका, मंडपातले फोटो आणि साक्षीदार घेऊन आधी ती करून घ्या.

एक खर्च मात्र टाळा. अ‍ॅपोस्टिल म्हणजे परदेशात कागद खरा धरला जावा म्हणून मारायचा सरकारी शिक्का. भारत 2005 पासून त्या करारात आहे, म्हणून दुकानदार सगळ्या कागदांवर अ‍ॅपोस्टिल मारून देतो म्हणतात. पण भारताच्या सहभागाला जर्मनीने हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपला अ‍ॅपोस्टिल तिथे धरला जात नाही. कॉन्सुलेटने पडताळणी मागितली तर ती ते स्वतःच्या पद्धतीने करून घेतात. शिक्क्यावर हजारो रुपये घालण्यापेक्षा ते चांगल्या भाषांतरावर घाला.

पत्नी आणि मुलगा तुमच्याबरोबर जाऊ शकतात. ब्लू कार्ड किंवा कुशल कामगाराच्या जोडीदाराला आधी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही, आणि तिथे गेल्यावर त्यांना कामही करता येतं. तरी ए1 इथेच शिकून गेल्या तर डॉक्टरकडे, बालवाडीत, दुकानात त्या एकट्या पडणार नाहीत. नवरा दिवसभर प्लँटवर असतो. परदेशातलं पहिलं वर्ष बायकोला जास्त जड जातं, हे मी कित्येकींच्या फोनवरून ऐकलंय.

तिथे पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, म्हणून कंपनीला पहिल्या दोन-तीन महिन्यांच्या घराबद्दल आत्ताच विचारा. मग व्हिसा संपायच्या आत परदेशी नागरिक कार्यालयातून ब्लू कार्ड. नोकरी बदलायची झाली तर पहिल्या 12 महिन्यांत त्या कार्यालयाला कळवावं लागतं, आणि ते हरकत घेऊ शकतं. प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर दोघांपैकी कोणीही मोकळं होऊ शकतं. हे वाचून घाबरू नका, पण पहिले सहा महिने इथलं घर विकून टाकणं वगैरे करू नका.

दुसऱ्या देशांची ऑफर असलेले वाचकही असतील, त्यांच्यासाठी थोडं. ब्रिटनमध्ये परवान्याचं मूळ मालकाने दिलेलं स्पॉन्सरशिप सर्टिफिकेट. ते देण्याचा परवाना असलेल्या कंपन्यांची यादी सरकार जाहीर करतं. त्यात कंपनीचं नाव नसेल तर ऑफर कितीही गोड असो, पुढे जाऊ नका. 22 जुलै 2025 पासून तिथला सर्वसाधारण किमान पगार 41,700 पौंड झाला. कॅनडात बहुतेक वेळा मालकाला आधी एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार घेण्यासाठीचं सरकारी मंजुरीपत्र, घ्यावं लागतं, त्याचे 1,000 डॉलर मालकाने भरायचे असतात आणि ते कामगाराकडून वसूल करणं बेकायदा आहे. ‘एलएमआयए विकत मिळेल, वर पीआरचे (कायमच्या वास्तव्याचे) पॉइंट’ असं सांगणारे अजून फिरतात. पीआरसाठीच्या गुणांवर चालणाऱ्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीतले नोकरीच्या ऑफरचे पॉइंट मार्च 2025 मध्येच काढून टाकलेत.

आखाताबद्दल मात्र मी दोन ओळींत आटोपणार नाही, कारण मकरपुरा, गोरवा भागातले वेल्डर, फिटर, स्कॅफोल्डर सगळ्यात जास्त तिकडेच जातात आणि फसतातही तेच. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे उत्प्रवासन तपासणी आवश्यक, असं असतं. अशा माणसाला ठरावीक 18 देशांत कामाला जाण्यापूर्वी ई-मायग्रेटवरून उत्प्रवासनाची मंजुरी लागते. ती मंजुरी म्हणजे कटकट नाही. तिच्यामुळे करार सरकारी नोंदीत येतो, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी 275 किंवा तीन वर्षांसाठी 375 रुपयांत 10 लाखांचं संरक्षण मिळतं. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे कामाचा करून घेऊ’ म्हणणारा माणूस तुमचं हे सगळं संरक्षण काढून घेत असतो. एका वेल्डरला असंच पाठवलं होतं. पोचल्यावर पासपोर्ट काढून घेतला, ठरल्याच्या निम्मा पगार, आणि तक्रार करायला जावं तर कागदोपत्री तो पाहुणा. संयुक्त अरब अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून घेऊ नये असं स्पष्ट आहे. पण तो कायदा त्यालाच उपयोगी पडतो, जो कामगार म्हणून शिरला.

तर तुमच्यासाठी या आठवड्यातली कामं. कंपनीला पगाराचं पत्र लिहा, त्यातच जलद प्रक्रियेबद्दल आणि रुजू होण्याच्या तारखेच्या वाक्याबद्दल विचारा. अ‍ॅनाबिन उघडून पाहा. एजंटला पैसे देऊ नका. मूळ मार्कशीट त्याच्याकडे ठेवायला दिल्या असतील तर आजच घेऊन या. ऑफिसात कोणाला काही सांगू नका. आणि घरातले सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरून तिघांची नावं अक्षर न अक्षर जुळवून पाहा. मुलाच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करा. त्यावर त्याचं नाव लागलंय का, हे पाहायचं बहुतेक आईवडिलांच्या लक्षातच येत नाही, आणि नाव नसलेल्या दाखल्यावर पुढचं काहीच करता येत नाही.